बरणीतला पेसाह

मी रब्बी नाही, हे मी नाशिकरोडला राहायला आल्यापासून सांगत आलोय आणि कुणी ऐकत नाही. रब्बी व्हायला शिकावं लागतं, परीक्षा द्याव्या लागतात. मी अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास करणारा माणूस. प्रार्थना चालवणाऱ्याला आमच्याकडे हझान म्हणतात. तोही मी झालो तो केवळ आधीचे हझान इस्राएलला निघून गेले आणि उरलेल्यांत हिब्रू न अडखळता वाचणारा मी एकटाच निघालो म्हणून. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पण शेजाऱ्यांच्या जिभेवर 'हझान' काही बसेना. आमच्या खालच्या मजल्यावर रामकुंडावर विधी करणारे एक गुरुजी राहत. त्यांनी कुठूनतरी 'रब्बी' हा शब्द ऐकला होता. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात रब्बी करून टाकलं आणि वर व्यवसायबंधूही मानलं. जिन्यात भेटले की विचारत, "काय रब्बी, यंदा तुमच्याकडे सीझन कसा?" दिंडोरीचा एक द्राक्ष बागायतदार माझा मित्र होता. त्याच्या फवारणीच्या पंपाचा एक हट्टी भाग मी कधीतरी बसवून दिला होता, तेव्हापासूनची दोस्ती. त्यानं माझी ही पदवी ऐकली तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "तुम्ही रब्बी, मंग खरीप कोन हाय?"

खरीप कुणी नव्हतं. आम्ही सगळे मिळून मूठभर घरं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून वर आलेले, गावाच्या नावापुढे 'कर' लावणारे, घरात मराठीतच भांडणारे यहुदी. काही नाशिकरोडला, काही देवळाली कॅम्पात. प्रार्थनालय नव्हतं, म्हणून आमच्या हॉललाच ते व्हावं लागायचं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा पवित्र दिवस, लागला की सोफा गॅलरीत जायचा, सतरंज्या पडायच्या, टीव्हीवर चादर यायची आणि हॉल पवित्र व्हायचा. शनिवारी तारे दिसले की सोफा परत यायचा. त्या सोफ्याचा एक पाय या ये-जा करण्यानंच गेला.

सणांची खरी नावं हिब्रू आहेत, पण आमच्या वाडवडिलांनी ती आपल्या ताटाप्रमाणे बदलून घेतली होती. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा जो उपवास, त्याला ते बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवसांत वालाचं बिरडं करायचं. दोन हजार वर्षांचं दुःख आणि लक्षात काय राहिलं, तर बिरडं! पेसाह, म्हणजे मिसर ऊर्फ इजिप्त देशाच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याला जुने लोक अनाशी ढाकायचा सण म्हणत. आंबट कालवणाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून. पेसाहमध्ये घरात खमीर नावाची वस्तू औषधालाही चालत नाही. पाव नाही, बिस्किट नाही, पिठाचा फुगलेला कणही नाही.

आणि वाइन मात्र लागतेच. पेसाहच्या पहिल्या संध्याकाळी, सेदेरच्या जेवणाला, प्रत्येकानं चार पेले प्यायचे. एरवी दर शुक्रवारी किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, एक पेला. आता नियम असा की द्राक्ष चिरडल्यापासून ते पेल्यात पडेपर्यंत त्याला आमच्याच माणसांचे हात लागायला हवेत. अशी वाइन कोकणात कुठून मिळणार? म्हणून आमच्या लोकांनी काळ्या मनुकांचं शरबत काढलं आणि धर्मानं त्याला मान्यताही दिली. मनुका भिजवायच्या, हातानं कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. लग्नात हेच, शब्बाथला हेच, पेसाहला हेच.

नाशिकचं हे शरबत माझी बायको करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून दर शुक्रवारी. त्यात ती कुणालाही हात लावू द्यायची नाही. एकदा मी मदत म्हणून पातेल्यात बोट घातलं, तर तिनं ते बोट धुवायला पाठवलं आणि माझ्याबरोबर पातेलंही घासायला दिलं. मनुका रविवार कारंज्यावरच्या एकाच दुकानातून यायच्या. दुकानदार तिला चव बघायला द्यायचा, ती दोन दाणे चावून तोंड वाकडं करायची आणि मग तो निमूटपणे दुसरं पोतं उघडायचा.

हे असंच चाललं असतं. पण दिंडोरीच्या बाजूला वाइनचे कारखाने उभे राहिले आणि आमच्या मामांच्या डोक्यात वारं शिरलं.

मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा. तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पातच राहिलेले. कानानं जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलणं कायम तोफेच्या आवाजावर मात करण्यासाठी. शब्बाथला वाहनात बसू नये असा नियम आहे. मामा तो पाळत. कॅम्पातून येणारी बस गच्च भरलेली असायची, ते उभं राहून येत.

एका शनिवारी दुपारी आमचा अभ्यास चालला होता. अभ्यास म्हणजे मी तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग मराठीत वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यात चुका काढायच्या. मामांनी मध्येच हात वर केला.

"जावईबापू, आपण राहतो कुठं?"

"नाशिकला."

"नाशिकला काय पिकतं?"

"द्राक्षं."

"मग द्राक्षांच्या गावात बसून वाळकं द्राक्ष पाण्यात भिजवून पिणारे आपण कोण? सगळी दुनिया इथं येऊन वाइन करते, आणि ज्यांच्या धर्मात ती लिहिलीय ते शरबत पितात!"

पुरुषमंडळींत एकदम चैतन्य आलं. दर आठवड्याला पेंगणारे दोघेजण सरळ बसले. मी धर्मशास्त्र सांगितलं, की शरबत पूर्ण चालतं, त्यात काहीही कमी नाही. माझं कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही फार मोठ्यानं सांगितलं नाही. वाइन कशी लागते हे मलाही बघायचंच होतं. मग एकानं विचारलं, की वाइन तर आंबलेली असते, मग पेसाहला ती चालते कशी? हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी ऐटीत समजावलं, की खमीर म्हणजे धान्याचं. गहू, जव वगैरे. द्राक्ष आंबलं तर त्याला आडकाठी नाही.

"म्हणजे आंबलेलं चालतं?" मामांनी कानामागे हात धरून विचारलं.

"द्राक्षाचं चालतं."

"चालतं ना? बस्स."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. कप ठेवले आणि म्हणाली, "बरं."

आमच्या घरात 'बरं' हा शब्द आला की मी दोन दिवस जपून राहतो. त्या संध्याकाळी तिनं मलमलचं फडकं धुतलं, वाळवलं, इस्त्री केली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. फडक्याला इस्त्री करणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी म्हणालो, "अगं, पेसाहपुरतंच आहे. मामांची हौस."

"अहो, दहा पुरुष जमले की तुमची प्रार्थना सुरू होते," ती म्हणाली. "मी अकरावी असले काय न् विसावी असले काय, मला कुणी मोजत नाही. माझी तक्रार नाही. पण शुक्रवारी माझं शरबत आल्याशिवाय तुमचं कुणाचं काही सुरू होत नव्हतं. तेवढीच माझी मोजणी होती. आता ती पण नको असेल तर नको. मी शरबत करणार नाही. या पेसाहला नाही आणि नंतरही नाही."

मला वाटलं राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. पुढचा शुक्रवार आला, आम्ही किद्दुश भाकरीवर उरकली. नियमानं तेही चालतं. पण पेल्याची जागा रिकामी होती आणि सगळे तिकडेच बघत होते. ती आतल्या खोलीत मासिक वाचत बसली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, की ही बाई खरंच थांबली.

होळीच्या आधी दिंडोरीच्या मित्रानं काळ्या द्राक्षांचे क्रेट आणून दिले. वाइन करायची म्हटल्यावर त्याला बघायचंच होतं. मी त्याला नियम समजावला, की एकदा द्राक्ष फुटलं की तू हात लावायचा नाहीस. त्यानं मनाला लावून घेतलं नाही. स्टूलावर बसून दोन्ही हात काखेत धरले आणि म्हणाला, "मला पिकवायचं ठावं हाय. फुडचं काय माहीत नाय. पन बघाया लय मजा येतीय."

मजा येण्यासारखंच होतं. मामांना द्राक्षं पायानं तुडवायची होती. त्यांनी पाय लष्करी पद्धतीनं कार्बोलिक साबणानं धुतले आणि पँट दुमडून बाथरूममध्ये तयार उभे राहिले. बायकोनं आतून एकच वाक्य सांगून पाठवलं, की ज्या भांड्यात तो पाय पडेल ते भांडं मामांबरोबर कॅम्पात जाईल. म्हणून मग हातानं. चार मोठी माणसं कोपरापर्यंत जांभळी झाली. भिंतीवर शिंतोडे उडाले, माझ्या चष्म्यावर उडाले. बायकोची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी मी मागून आणली. 'मागून' म्हणजे ती बघत नसताना. रस त्यात ओतला, वर दुसरं एक फडकं बांधलं आणि गॅलरीत सोफ्याच्या जागी तिची स्थापना केली. मामांनी आपली फौजेतली घोंगडी तिच्यावर पांघरली.

त्यानंतर मामा दर दोन-तीन दिवसांनी तपासणीला येऊ लागले. कॅम्पातून बसनं यायचे, गॅलरीत जायचे, घोंगडीत डोकं घालायचे आणि नाराज चेहऱ्यानं बाहेर यायचे. "लई हळू चाललंय. पेसाहपर्यंत होणार नाही." मी सांगायचो, होईल. मग एका आठवड्यात बरणीला एकाएकी जोर चढला. आमच्या प्रार्थनेत एक भाग असतो, सगळ्यांनी पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून, पाय जुळवून, मनातल्या मनात म्हणायचा. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत गॅलरीतून आवाज यायचा, बुडुक. बुडुक बुडुक. कुणाचे तरी खांदे हलायला लागायचे, मग शेजारच्याचे. मामांना काही ऐकू जात नव्हतं, त्यामुळे सगळ्यांत एकाग्र प्रार्थना तेवढी त्यांचीच.

पेसाहच्या आदल्या दिवशी, दिवेलागण झाल्यावर, घरात खमीर शोधायची पद्धत आहे. मेणबत्ती घ्यायची, कोंबडीचं एक पीस घ्यायचं आणि कानाकोपऱ्यातून पावाचा चुरा झाडून गोळा करायचा. घर आधीच लख्ख असतं, म्हणून शोधणाऱ्याला काहीतरी सापडावं यासाठी आपणच दोन-चार तुकडे लपवायचे. मी मेणबत्ती धरतो आणि शोधते बायको, कारण मला माझ्या चपलाही सापडत नाहीत. तिनं टीव्हीमागचा तुकडा काढला, पुस्तकांमागचा काढला. मग गॅलरीत गेली. बरणीपाशी थांबली. घोंगडी बाजूला केली, फडकं सोडलं, वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"अहो, इकडे या."

मी वास घेतला. कॅम्पातल्या बेकरीच्या मागच्या दारातून पहाटे जसा वास येतो, तसाच.

"मी पाव शोधत होते," ती म्हणाली. "हा बघा, अख्खी बरणी भरून सापडला."

मी मामांना फोन लावला. त्यांनी अजिबात लपवाछपवी केली नाही, उलट त्यांचा ऊर भरून आला होता. "अरे, मीच टाकलं! बेकरीवाल्याकडून यीस्ट आणलं, चांगलं मूठभर. त्याच्या पीठ मळायच्या परातीतलंच. कसं फसफसलं बघितलंस ना?"

"मामा, पेसाहसाठी केलेल्या वाइनमध्ये खमीर टाकलंत?"

"तूच तर म्हणालास, आंबलेलं चालतं!"

मी फोन ठेवला. आमच्या इतिहासात आजवर कुणी पेसाहच्या पेल्यात खमीर घातलं असेल असं मला वाटत नाही. त्यासाठी नाशिकची द्राक्षं, कॅम्पची बेकरी आणि आमचे मामा, ही तिन्ही एका ठिकाणी यावी लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले ते मान खाली घालून. संध्याकाळी सेदेर. कॅम्पातली, नाशिकरोडची सगळी घरं आमच्या हॉलमध्ये येणार, प्रत्येकाला चार पेले, आणि पेल्यात घालायला पाणी सोडून काही नाही. मुंबईहून बाटली मागवायला वेळ उरला नव्हता. आधी बरणी रिकामी करणं भाग होतं, कारण दुपारनंतर ती घरात ठेवणंच पाप. मी आणि मामांनी ती उचलून मोरीत ओतली. थोड्या वेळानं खालून गुरुजींची हाक आली, "रब्बी! आमच्या अंगणातली गटार जांभळी झालीय. वर कसला अभिषेक चाललाय?" मी सांगितलं, विसर्जन चाललंय. त्यांचं समाधान झालं.

मग आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलो. बायको टेबलाशी बसून भाजी निवडत होती. मामांनी घसा साफ केला.

"काय गो पोरी, मनुका आहेत काय घरात?"

"आहेत."

"मग भिजवतेस?"

"नाही."

मामांनी आयुष्यात अधिकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या असतील, पण त्या एका शब्दानं ते जेवढे खचले तेवढे कधी खचले नसतील. ते तिथंच उंबऱ्यावर बसले. मोठ्या आवाजाचा हा माणूस एकदम हळू बोलायला लागला. "माझं चुकलं गो. तुझ्या शरबताला मी वाळकं म्हटलं. मला काय ठाऊक, तुला एवढं लागेल."

तिनं भाजी बाजूला ठेवली. मी आपला फ्रिजवरच्या चुंबकाकडे बघत उभा. शेवटी तिनं आत जाऊन कपाट उघडलं, साड्यांखालून ते फडकं काढलं आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.

"मनुका डब्यात आहेत. फडकं हे घ्या. हात तुमचे दोघांचे. मी सांगेन, करणार नाही. आणि आज मी वाढणारसुद्धा नाही. आज मी बसणार आहे."

तिनं सांगितलं आणि आम्ही केलं. कोमट पाण्यात भिजवल्या, दुपारभर कुस्करत राहिलो. "देठ काढा." "मामा, त्या मनुका आहेत, तोफेचे गोळे नाहीत, हळू." "पिळा. अजून. रस सालीत असतो." मामांच्या मनगटात गोळे आले. त्यांनी एकदाच विचारलं, "दर शुक्रवारी हे करायचीस एकटी?" ती म्हणाली, "मग काय फडकं एकटं करायचं?" शरबत झालं ते पातळ, थोडं कडवट आणि तळाशी बिया आलेलं. तिनं चमचाभर चाखून तोंड वाकडं केलं, पण दुसरं पोतं उघडणारा दुकानदार इथं नव्हता. "चालेल," ती म्हणाली. मामांनी डोळे पुसले आणि कांदा कापल्याचं नाटक केलं. कांदा कुठंच नव्हता.

संध्याकाळी हॉल भरला. सेदेरला जेवताना डाव्या कुशीवर उशीला रेलून बसायची पद्धत आहे. गुलाम उभ्यानं खातात, मोकळी माणसं आरामात रेलून खातात, म्हणून. बायको आली आणि माझ्या समोर सतरंजीवर बसली. आल्या-आल्या बायका तिला विचारत होत्या, आत काही मदत हवी का? ती प्रत्येकीला सांगत होती, आत मामा आहेत. आत मामा खरंच होते, आणि काहीतरी पडल्याचे आवाज येत होते. तिची उठायची जुनी सवय जात नव्हती. दर आवाजाला तिचा हात जमिनीला टेकायचा आणि परत मांडीवर यायचा. शेवटी तिनं उशी ओढली आणि रेलली.

मामांनी सगळ्यांचे पेले भरले. पहिला तिचा भरला. मी किद्दुश म्हटली, सगळ्यांनी प्याले तोंडाला लावले. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मामा दारात पळी घेऊन उभे होते, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मग मी हग्गादा वाचायला घेतला, म्हणजे सुटकेची ती सगळी गोष्ट. आधी हिब्रू, मग मराठी, जसा दरवर्षी वाचतो. आपण मिसरमध्ये फारो राजाचे गुलाम होतो, आणि देवानं आपल्याला तिथून बाहेर काढलं. दरवर्षी या ओळीवर मी मान वर केली की समोर स्वयंपाकघराचं दार दिसायचं, आणि आत तिची पाठ. त्या दिवशी मान वर केली तर समोर ती होती. रेललेली, पेला हातात, माझ्याकडे बघत. एवढी वर्षं मी ही ओळ मोठ्या आवाजात वाचत होतो आणि ती ऐकायला ती कधी समोर नव्हती. शब्द समोर दिसत होते, पण वाचवेनात. हॉलमध्ये सगळे थांबले.

"अहो, थांबलात का?" ती म्हणाली. "मी दरवर्षी इथंच आत जाते, रस्सा गरम करायला. पुढे काय होतं, वाचा ना."